ह्यूगिन: फुकटातलं सॉफ्टवेअर, बॅकग्राउंड मात्र लोण्यासारखं

ताई आणि दाजींना मेणवलीच्या घाटावर उभं केलं आणि ८५ एमएम एफ १.८ लेन्सनी ३२ फोटो काढले, एकाच फ्रेमसाठी हां! ही ब्रेनायझर मेथड, न्यूयॉर्कचा वेडिंग फोटोग्राफर रायन ब्रेनायझर याच्या नावावरून. लेन्सचं छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडं ठेवून, म्हणजे मागचं धूसर होतं, तुकड्यातुकड्यात शूट करायचं, मग सगळे फोटो जोडून एक रुंद फोटो करायचा. फ्रेम तिप्पट रुंद झाली की हिशोब साधारण २८ एमएम एफ ०.६ चा होतो, म्हणजे दृश्य रुंद आणि तरी मागचं एकदम धूसर, अशी लेन्स दुकानात मागून बघा, दुकानदार चहा पाजून घरी पाठवेल.

जोडायला ह्यूगिन हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर वापरलं. ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. पहिल्यांदा उघडलं की इतके टॅब बघून डोकं गरगरतं पण घाबरू नका, फोटो टाका, अलाइन दाबा, बरंचसं काम तिथेच होतं. गोची होते ती ब्लर भागात, नुसतं धूसर पाणी असलेल्या फोटोत कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फोटोंमधल्या जुळणाऱ्या खुणा, सापडणार तरी कुठून, ते मग हातानेच टाकायचे. म्हणून ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या दोन फोटोंत सारखा येणारा भाग, भरपूर ठेवा, मी तर एक तृतीयांश ठेवतो.

माझी चूक म्हणजे व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवरच राहिला, नदीवर निळे-पिवळे पट्टे! फोकस, एक्स्पोजर, सगळं लॉक करा. आणि माणसं आधी उरका, दाजी मधेच हलले तर फोटोत त्यांना तिसरं कोपर फुटलं होतं, शेवटी मास्क टॅबमध्ये (नको तो भाग वगळायची सोय) जाऊन ते कापलं. ताईला अजून सांगितलेलं नाही.