बिलात रेड कंट्रोलर, आत रिकामा स्लॉट

सर्व्हर बसवायला आलेल्या माणसाने स्क्रीनवर 'रेड १०, स्टेटस नॉर्मल' दाखवलं आणि मी सही केली. रेड म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून चालवायची पद्धत; रेड १० मध्ये डेटाची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवरही राहते. बिलात चार नवे एंटरप्राइझ एसएसडी ड्राइव्ह आणि बॅटरी बॅकअपवालं रेड कंट्रोलर कार्ड, म्हणजे रेड सांभाळणारं वेगळं कार्ड, होतं. त्या कार्डाचे पैसे मी मोजले. कार्ड आत नव्हतंच.

सात महिने काही कळलं नाही. मग एका रात्री वीज गेली, यूपीएसही बसला, आणि सकाळी डेटाबेस उघडेना. चारही ड्राइव्हचे दिवे हिरवे, अ‍ॅरे (चारही ड्राइव्हचा जोडसंच) नॉर्मल, तरी शेवटच्या नोंदी गायब आणि इंडेक्स तुटलेले.

झाकण उघडलं तेव्हा स्लॉट रिकामा दिसला. चारही केबल थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टमध्ये, म्हणजे ड्राइव्ह जोडायच्या साध्या जागी. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआयचा, म्हणजे ड्राइव्ह सुटे चालवण्याच्या मोडचा, रेड केलेला, एवढंच काय ते काम. म्हणजे रेड चालवत होते बोर्डाचं फर्मवेअर आणि ड्रायव्हर. स्वतःची कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी) नाही, बॅटरी तर नाहीच. त्यावर वेग चांगला दिसावा म्हणून ड्राइव्हची राइट-कॅश चालू आणि तिचा फ्लश (कॅशमधला डेटा लगेच कायमचा लिहून टाकायचा आदेश) बंद करून ठेवलेला. वीज गेली तर कॅशमधला डेटा लिहून टाकण्यापुरते कपॅसिटर एंटरप्राइझ एसएसडीमध्ये सहसा असतात. मॉडेल नंबर तपासला, तर माझे ड्राइव्ह साधे डेस्कटॉपचे निघाले. मिररिंगने (तोच डेटा दोन ड्राइव्हवर ठेवण्याने) काय वाचणार होतं? दोन्ही प्रतींची वीज एकाच क्षणी गेली.

खरं जिव्हारी लागलं ते पुढे. त्या रेड मोडमध्ये स्मार्टचे, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीचे नोंदवतो ते, आकडे मला दिसतच नव्हते. एक ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावला. पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे ड्राइव्ह आजवर चालू राहिल्याचे तास: १९,४१२. माझ्याकडे सात महिने अखंड चालला तरी साधारण ५,१०० तास होतात. बाकीचे कुणाकडे झाले?

विक्रेत्याचं उत्तर: "रेड सांगितलं होतं, रेड दिलंय."

म्हणून कळकळीने सांगतो, सही करण्याआधी झाकण उघडायला लावा. कार्ड डोळ्यांनी बघा, त्याच्या स्वतःच्या सेटअप मेनूत शिरून बॅटरीची स्थिती बघा. अ‍ॅरे बनवण्याआधीच, ड्राइव्ह मदरबोर्डला लावून एएचसीआय मोडमध्ये, प्रत्येक ड्राइव्हचे तास आणि सीरियल नंबर समोर वाचून बिलावर लिहून घ्या. तो माणूस घाई करेल, करू द्या.

मी लेखी तक्रार दिली आहे. रिकाम्या स्लॉटचा आणि त्या १९,४१२ च्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडलाय. बाकीचे तीन ड्राइव्ह अजून तपासायचे आहेत.