महालक्ष्मीच्या स्वयंपाकात स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा

लातूरच्या बाजारातून घेतलेला, ५ किलोपर्यंत वजन दाखवणारा आणि १ ग्रॅमचा फरक टिपणारा हा डिजिटल वजनकाटा खरा उपयोगी पडला तो महालक्ष्मीच्या जेवणाला, कारण पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या आणि वर आग्रह अशा पानात किती उष्मांक पोटात गेले, याचा अंदाज नजरेने लागत नाही.

अर्धा किलो हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ घेतल्यास पुरणात साधारण ३,७०० उष्मांक येतात. तयार पुरणाचे वजन करून त्याचे पंचवीस समान गोळे केले आणि प्रत्येक पोळीला ३० ग्रॅम कोरडी कणीक धरली, तर तुपाशिवाय एक पोळी सुमारे २५० उष्मांकांची होते. घरात मधुमेही माणूस असेल, तर हा आकडा फार मोलाचा आहे. निम्म्या वजनाच्या लहान पोळ्या वेगळ्या करता येतात आणि प्रसाद नाकारण्याची वेळ त्या माणसावर येत नाही.

भांड्याचे वजन वजा करण्याची सोय उत्तम आहे. परात ठेवली की आकडे झाकले जातात, ही मोठी गैरसोय आहे. शिवाय थोडा वेळ हात थांबला की काटा आपोआप बंद पडतो. तुपासाठी तो अवश्य वापरावा, कारण पोळीवरच्या १० ग्रॅम तुपातच जवळपास ९० उष्मांक असतात आणि वाढणाऱ्याची धार त्याहून मोठीच पडते.