रॅकच्या आराखड्यात फुगवलेल्या पॅलेट-जागा : भिवंडीच्या गोदामातील अनुभव

भिवंडीतील आमच्या गोदामात रॅक बसविणाऱ्या ठेकेदाराने केलेली फसवणूक हलके लोखंड खपवून किंवा काम अर्धवट टाकून झालेली नव्हती. ती सगळी आराखड्यात होती, आणि असा आराखडा कोणालाही दाखविला जाऊ शकतो, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

इतरांनी त्याच क्षेत्रफळात साधारण साडेनऊशे पॅलेट (माल रचून ठेवण्याच्या सपाट चौकटी) बसतील असे सांगितले असताना याच्या कोटेशनमध्ये साडेअकराशेच्या वर जागा होत्या. दर प्रत्येक जागेमागे असल्याने तोच सर्वांत स्वस्त दिसला. वाढीव जागा आल्या कुठून, याचे उत्तर दोन रांगांमधील गल्ल्यांत दडलेले होते. आमची फोर्कलिफ्ट (पुढच्या काट्यांवर पॅलेट उचलणारी गाडी) तीन टनी, डिझेलवर चालणारी आहे. तिची वळण्याची त्रिज्या सुमारे २.३ मीटर, पुढच्या आसापासून काट्यांच्या उभ्या पाठीपर्यंतचे अंतर जवळपास अर्धा मीटर, पॅलेटची लांबी १.२ मीटर आणि शिवाय २० सेंटिमीटर मोकळीक धरली, तर काटकोनात वळून माल लावण्यासाठी चार मीटरपेक्षा अधिक रुंदी लागते. ठेकेदाराने गल्ली ३.४ मीटर दाखविली आणि ‘सध्याची फोर्कलिफ्ट चालेल’ असे तोंडी सांगितले. त्यातही लबाडी अशी, की हे माप रॅकच्या खांबापासून समोरच्या रॅकच्या खांबापर्यंतचे होते. रॅकची खोली एक मीटर आणि पॅलेट १.२ मीटर असल्याने माल दोन्ही बाजूंनी १०-१० सेंटिमीटर बाहेर येतो, म्हणजे प्रत्यक्षात उरतात ३.२ मीटर. शिवाय इमारतीचे खांब आराखड्यातून वगळून त्यांनी अडविलेल्या जागाही मोजणीत धरल्या होत्या.

रॅक उभे राहिल्यावर भरलेले पॅलेट घेऊन गाडी वळेना. तेव्हा ठेकेदाराने शांतपणे रीच ट्रक (काटे पुढे सरकवून माल लावणारी, अरुंद गल्लीसाठीची गाडी) घेण्याचा सल्ला दिला आणि लगोलग ओळखीच्या विक्रेत्याचे कोटेशनही आणून दिले. रीच ट्रकला तीन मीटरच्या आसपासची गल्ली पुरते हे खरे, पण तिला सपाट जमीन लागते, आवारातील खडबडीत जागेत ती उपयोगाची नाही, आणि किंमत अनेक लाखांत जाते. हा बेत पहिल्यापासूनचाच असावा, असे माझे मत आहे. तोवर पन्नास टक्के आगाऊ आणि चाळीस टक्के रॅकचे सामान निघण्यापूर्वी देऊन झाले होते, आणि करारात ‘जागांची संख्या आराखड्यानुसार’ एवढेच लिहिलेले होते. पोलिसांनी प्रकरण दिवाणी असल्याचे सांगितले. खरेदी व्यापारी कारणासाठी असल्याने ग्राहक आयोगाचा मार्गही खुला नव्हता. अखेर काही रांगा काढून, जमिनीतील बोल्टची भोके बुजवून, उरलेल्या रांगा नव्याने बसवाव्या लागल्या. आता वापरात येणाऱ्या जागा नऊशेहूनही कमी आहेत.

रॅक घेणाऱ्यांनी गल्लीचे माप लावलेल्या पॅलेटच्या कडेपासून समोरच्या पॅलेटच्या कडेपर्यंत लिहून घ्यावे, आणि ते फोर्कलिफ्टच्या उत्पादकाने दिलेल्या तक्त्याशी ताडून पाहावे. आराखडा मंजूर करण्याआधी रिकाम्या जमिनीवर खडूने दोन रेषा आखून आपल्याच चालकाला भरलेले पॅलेट घेऊन त्यांच्यामध्ये वळायला सांगावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. शेवटचा हप्ता दहा टक्क्यांवर न ठेवता निदान तीस टक्के ठेवावा, आणि जिथे पॅलेट प्रत्यक्ष ठेवून परत काढता आले तेवढ्याच जागांचे पैसे द्यायचे, हे करारात आकड्यासह नमूद करून घ्यावे.