एसीसी या कार-रेसिंग गेममधल्या सेटअपशी झटापट: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा व्हीलचा किंवा पेडलचा रिव्ह्यू नाही, त्यावर भरपूर लिहून झालंय. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, म्हणजे आपली एसीसी, गेले कित्येक महिने रात्रीची जेवणं आटोपल्यावर खेळतोय. तिच्यातला सेटअपचा, म्हणजे टायरची हवा, सस्पेन्शन वगैरे जुळवण्याचा, भाग सगळ्यात मजेदार आहे आणि त्याच्याच वाटेला कोणी जात नाही. आमच्या नागपुरातले पोट्टे कुठून तरी तयार सेटअप उचलतात, दोन लॅप मारतात आणि 'गाडीच बेकार आहे बे' म्हणून मोकळे होतात.

माझं मत विचाराल तर बाकी कशालाही हात लावण्याआधी टायरचं प्रेशर बघा. 2023 मध्ये टायर मॉडेल बदललं, तेव्हापासून कोरड्या टायरला साधारण 26 ते 27 पीएसआय मानवतं, आणि तेही टायर तापल्यावर. वर्धा रोडच्या पंपावर आपण हवा भरतो ती गार टायरमध्ये, आणि विषय तिथेच संपतो. इथे गेममध्ये पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी तयार करायच्या जागेत, भरलेला आकडा ही नुसती सुरुवात. तीन-चार लॅप सलग, न घसरता मारायचे, मग चारही आकडे बघायचे. 27.6 दिसलं की 27 च्या वर जेवढं गेलंय तेवढं गार प्रेशर उतरवायचं. मोंझा, स्पा ही घड्याळाच्या दिशेने फिरणारी सर्किट्स, म्हणून डावी बाजू जास्त तापते. डावीकडे थोडी कमी हवा भरली की गरम झाल्यावर चारही चाकं एका पातळीवर येतात. हवामान एक अंशाने बदललं की सुमारे 0.1 पीएसआयचा फरक, हा ठोकताळा मला तरी पुरतो.

मे महिन्यात बाहेर पारा 45 ला टेकलेला आणि स्क्रीनवर स्पा 18 अंशांत, हा विनोद वेगळाच. खरी अडचण कूलरची आहे. त्याच्या घरघरीत टायरचं घासणं ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन लागतोच. टायर किती ताणला गेलाय ते हातापेक्षा कानाला आधी कळतं.

सस्पेन्शनकडे मी त्यानंतरच वळतो, तेही एका वेळी एकच गोष्ट बदलून. वळणाच्या मधोमध नाक बाहेर पळत असेल तर पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलू न देणारा दांडा) एक-दोन घर सैल करा, किंवा मागचा कडक करा. पण मागचा फार कडक केला की थ्रॉटल देताना शेपूट निसटते, आणि पोर्शे 911 जीटी3 आर मध्ये तर ते लगेच जाणवतं. ब्रेक दाबताच नाक फार खाली बसत असेल तर बम्पस्टॉपची (सस्पेन्शन दबून ज्या रबरी अडथळ्याला टेकतं त्याची) रेंज, म्हणजे तिथवरचं अंतर, कमी करून बघा. सस्पेन्शन लवकर टेकतं आणि पुढची उंची टिकून राहते, त्यामुळे एरो, म्हणजे हवेने गाडी खाली दाबली जाणं, तेही बिघडत नाही. मात्र रेंज अति कमी केली तर वळणात पुढची पकड एकदम सुटते.

डॅम्परचं, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं, पान बघून माणूस घाबरतो. नुसते क्लिकचे आकडे, चार चाकांना चार-चार! त्यातलं एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं: स्लो म्हणजे ब्रेक, थ्रॉटल, स्टीअरिंगने गाडीची बॉडी झुकते ते, आणि फास्ट म्हणजे कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक आपटतं ते. मोंझाच्या पहिल्या शिकेनमध्ये, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांत, कर्ब घेताना गाडी उसळत असेल तर फास्ट बम्प (चाक वर दबतानाचा फास्ट आकडा) दोन क्लिक कमी करा. बाकी डॅम्पर मी सहसा जसेच्या तसे सोडतो. कॅम्बर, टो (चाकांचे कोन) यांतही नवख्याने फार रमू नये.

गेममधला 'अ‍ॅग्रेसिव्ह' सेटअप वेगवान आहे, पण नवीन माणसाने 'सेफ'वरून सुरुवात करावी. मागची बाजू शांत असली की लॅपमागून लॅप सारखे पडतात, आणि लॅप सारखे पडल्याशिवाय कुठला बदल कामाला आला ते कळायला मार्ग नाही.

लांब शर्यतीत अजून एक गोम आहे. पिट स्टॉपच्या टायरचं प्रेशर स्ट्रॅटेजीच्या पानावर वेगळं भरावं लागतं. दुपारी सुरू झालेली शर्यत संध्याकाळकडे सरकली की ट्रॅक गार होतो, तेव्हा त्या सेटला थोडी जास्त हवा लिहून ठेवा. पावसाचे टायर साधारण 30 पीएसआयला खूश असतात, म्हणजे कोरड्याचा आकडा तिथे चालत नाही. ढग दिसत असतील तर तो आकडाही शर्यत सुरू व्हायच्या आधीच ठरवलेला बरा.