'द ॲडव्हेंचर गेम'चा डीव्हीडी संच : दुसऱ्या पर्वापासून सुरुवात करा

पॅट्रिक डाउलिंग यांनी बीबीसीसाठी उभा केलेला हा टीव्हीवरचा खेळाचा कार्यक्रम १९८०, १९८१, १९८४ आणि १९८६ अशा चार पर्वांत झाला. आर्ग नावाच्या ग्रहावर पाहुणे उतरतात आणि कोडी सोडवत परतीची वाट शोधतात. 'ब्लेक्स सेव्हन' या विज्ञानमालिकेतला पॉल डॅरो, 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेतली जॅनेट फील्डिंग अशी तेव्हाची नावाजलेली मंडळी त्यात आहेत. ग्रहावरचे लोक म्हणजे रूप बदलणारे ड्रॅगन. रँगडो, गँडोर, डॅरोंग ही त्यांची नावं इंग्रजी 'ड्रॅगन'चीच अक्षरं फिरवून केलेली. त्यांचा प्रमुख रँगडो मधल्या पर्वांत कुंडीतलं झाड असतो, शेवटच्या पर्वात चहाची किटली.

आमच्या मते खरी कमाल आहे ती तिथल्या चलनाची, ड्रोग्नाची. प्रत्येक नाणं म्हणजे एक रंगीत आकृती. आकृतीच्या बाजू गुणिले रंगाचा क्रमांक, ही त्याची किंमत. हा क्रमांक आपल्या 'तानापिहिनिपाजा'तूनच मिळतो: तांबडा १, नारिंगी २, जांभळा ७. म्हणजे नारिंगी त्रिकोण ६, निळा चौकोन २०. वर्तुळाची बाजू एकच धरायची, आणि मुलं नेमकी इथेच चुकतात, शून्य धरतात. नियम पाहुण्यांना कुणी सांगत नाही. ते मोठ्यानं विचार करत शोधतात आणि तो विचार ऐकण्यासारखा आहे.

दुसऱ्या पर्वात व्होर्टेक्स, म्हणजे जाळीवर फिरणारा भोवरा, येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पाहुण्यानं ठिपक्यांच्या जाळीवरून एकेक पाऊल टाकत पलीकडे जायचं. पाहुण्याच्या प्रत्येक चालीनंतर व्होर्टेक्सही सरकतो. तो फक्त प्रेक्षकांना दिसतो. त्यात पाय पडला की पाहुणा 'बाष्प' होतो. पुढचा ठिपका मोकळा आहे का, हे बघायला पाहुण्यांकडे काही वेळा फेकण्यापुरता पावाचा रोल असतो.

हा खेळ ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर मांडता येतो. मधल्या ठिपक्यांची रांगोळी घालतो तसे खडूनं ५-४-५-४-५ ठिपके काढा, दोन ठिपक्यांत दोन फूट अंतर. रोलऐवजी कापडी चेंडू घ्या. व्होर्टेक्स चालवणाऱ्यानं तीच जाळी चौकटीच्या कागदावर काढून त्यावर बटण सरकवावं. डोक्यात जागा लक्षात ठेवायला गेलं की तिसऱ्या चालीला घोळ होतो आणि भांडणं लागतात. बघणाऱ्या मुलांना कागद दाखवा, पण ओरडू देऊ नका.

आता विकत घेण्याआधीचं. डीव्हीडीवर ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा क्रमांक असतो, तो रिजन. ब्रिटनमधल्या डिस्क रिजन २ च्या असतात, भारतातले प्लेअर रिजन ५ चे. त्यामुळे साध्या प्लेअरवर चित्र येणारच नाही. सर्व रिजन चालणारा प्लेअर लागेल. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रिजन पाचच वेळा बदलता येतो आणि शेवटचा बदल कायमचा राहतो, तेव्हा उगाच प्रयोग नकोत. टीव्हीच्या चित्राची पाल (PAL) पद्धत दोन्हीकडे सारखीच, ती अडचण नाही. टीव्हीवर चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा, नाहीतर ताणून वर्तुळं लंबगोल दिसतात आणि ड्रोग्ना मोजताना गोंधळ होतो. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क हिशेबात धरा.

रोंगाड हे पात्र इंग्रजी शब्द उलटे करून बोलतं. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी तिथे चित्र थांबवून शब्द फळ्यावर लिहावा लागतो. पहिलं पर्व संथ आहे, ते शेवटी बघितलं तरी चालेल.