200 रुपयांच्या हप्त्यात बचत गट नेमकं काय देतो?

बचत गटाबद्दल बहुतेक लिखाण सक्षमीकरणाच्या सुरात असतं. पण गटात जाणारी बाई दर महिन्याला पैसे मोजते, म्हणजे ती एक सेवा विकत घेत असते. मग आरडी (दरमहा ठराविक रक्कम भरायची आवर्ती ठेव), भिशी किंवा पतसंस्था जशी तपासून घ्यावी तसाच गटही तपासून घ्यायला हवा: पैसे सुरक्षित किती, परतावा किती, अडीनडीला हातात किती लवकर येतात आणि त्यातून दुसऱ्याला खरंच मदत होते का.

उदाहरणासाठी गावात सर्रास दिसतो तसा गट घेऊ. 12 बायका, महिना 200 रुपये बचत, अंतर्गत कर्जाचा, म्हणजे गटाच्या पैशातून सदस्यांनाच दिलेल्या कर्जाचा, दर शेकडा दोन: महिन्याला शंभराला दोन रुपये. गटात साधारण 10 ते 20 सदस्य असतात. 20 ची वरची मर्यादा जुन्या कंपनी कायद्यातून आलेली आहे. त्याहून जास्त माणसं नफ्यासाठी एकत्र आली तर नोंदणी करावी लागे. पुढे कायदा बदलला, आकडा मात्र अंगवळणी पडला. आमच्या मते 12 ते 14 उत्तम. 18-20 जणी असल्या की बैठक दोन तास चालते आणि चौथ्या महिन्यापासून निम्म्याजणी मुलीच्या हाती पैसे पाठवू लागतात.

आधी कर्जाचं बघू, कारण गटाची खरी किंमत तिथेच कळते. 10,000 रुपये कर्ज, 10 महिन्यांची फेड, महिना 1,000 मुद्दल. शेकडा दोन दराने घटत्या मुद्दलावर पहिल्या महिन्याला व्याज 200, दुसऱ्याला 180, असं उतरत शेवटी 20. एकूण व्याज 1,100 रुपये. हाच दर सरसकट लावला तर दर महिन्याला 200 प्रमाणे 2,000 होतात. तोंडी दोन्हीकडे ‘शेकडा दोनच’ म्हणतात, फरक 900 रुपयांचा. सावकाराच्या शेकडा पाचने तेवढ्याच मुदतीला सरसकट 5,000 जातात. म्हणून गटात शिरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: व्याज राहिलेल्या मुद्दलावर की मूळ रकमेवर? उत्तर देताना सचिवबाई अडखळल्या तर वही मागून बघावी.

आता बचत करणारीच्या बाजूने. महिना 200 प्रमाणे वर्षात 2,400 जमतात. पहिला हप्ता 12 महिने गटात राहतो, शेवटचा एकच महिना. 12, 11, 10 असं एकापर्यंत मिळवत गेलं की 78 हप्ता-महिने होतात. सगळा पैसा कायम कर्जात फिरत राहिला तर शेकडा दोनने 312 रुपये व्याज होतं. पण तसं कधीच होत नाही. काही रक्कम बँकेत पडून असते, काही थकते. दोन तृतीयांश पैसा फिरला असं धरलं तर साधारण 208. त्याच 200 रुपयांवर पोस्टाच्या आरडीत 6.7 टक्क्यांनी पहिल्या वर्षी साधारण 87 रुपये जमा होतात. म्हणजे गट दुपटीहून जास्त देतो.

मात्र हे 208 येतात कुठून? बाहेरून नाही. शेजारी बसलेल्या सखूबाईने घेतलेल्या कर्जाच्या व्याजातून. सगळ्याजणींनी सारखंच कर्ज घेतलं तर व्याज या खिशातून त्या खिशात जातं, कुणाचं काही बिघडत नाही. पण 12 जणींच्या गटात दोघी-तिघी कधीच कर्ज घेत नाहीत. घरी नोकरी किंवा बागायत असते. आणि दोघी दर पावसाळ्यात घेतात. वर्षअखेरीला लाभांश, म्हणजे जमलेलं व्याज, वाटताना गटातली सर्वांत गरजू बाई सर्वांत सुस्थितीतल्या बाईला पैसे देते, तेही मदतीच्या नावाखाली. गटाच्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. उपायही अवघड नाही: आजारपण आणि शाळेच्या खर्चाला शेकडा एक, धंदा आणि शेतीला दीड, बाकीला दोन, असे तीन दर ठरावात लिहून ठेवायचे. लाभांश थोडा कमी होतो, पण पैसा कुणासाठी साठवतोय हे स्पष्ट राहतं. याच्या जोडीला दर बैठकीला माणशी 10 रुपयांचा वेगळा सामाजिक निधी ठेवणारे गटही असतात. 12 जणींचे वर्षाला 1,440 होतात. त्यातून कुणाच्या घरी मयत झाली किंवा बाळंतपण आलं तर बिनव्याजी, प्रसंगी बिनपरतीची रक्कम देता येते. हा निधी रोकड वहीत वेगळ्या रकान्यात हवा. बचतीत मिसळला की दोन वर्षांत तो कुणाचा, यावरून भांडण ठरलेलं.

वहीचं बोलायचं तर बरेच गट कर्ज बुडाल्यामुळे नाही, वही बिघडल्यामुळे मोडतात. एक साधी बैठक घ्या. आरंभीची शिल्लक 350. बचत 12 गुणिले 200, म्हणजे 2,400. कर्जाची परतफेड 3,000. बाकी कर्ज 24,000 होतं, त्यावर व्याज 480. दोघींचा उशिराचा दंड 20. जमा बाजू 5,900, शिलकीसह 6,250. त्यातून एकीला 5,000 कर्ज दिलं, हाती 1,250 राहिले. सतरंजीवर उठायच्या आधी ते मोजून दाखवायचे, वहीत आकड्यात आणि अक्षरात लिहायचे, तिघींच्या सह्या घ्यायच्या. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे परतफेड आणि व्याज एकाच रकान्यात ‘3,480’ असं लिहिणं. पुढच्या महिन्याला नव्या 5,000 सह बाकी 26,000 ऐवजी 25,520 धरली जाते आणि तिथून प्रत्येक महिन्याचं व्याज चुकतं. वर्षअखेरीला हिशोब जुळेना की संशय सचिवावर जातो. पैसे कुणी खाल्लेले नसतात, रकाना खाल्लेला असतो.

दुसरी चूक लाभांशाच्या वाटपात. समजा वर्षात 6,000 रुपये व्याज जमलं आणि एक सभासद सातव्या महिन्यात आली. डोई सारखं वाटलं तर प्रत्येकीला 500, म्हणजे नवीला फुकटचं जास्त. शिल्लक बचतीच्या प्रमाणात वाटलं तर जुन्यांना साधारण 522, नवीला 261. हेही नीट नाही, कारण नवीचे पैसे कमी काळ फिरले. योग्य रीत हप्ता-महिन्यांची. जुन्या अकराजणींचे प्रत्येकी 78, नवीचे 21, एकूण 879. जुनीला साधारण 532, नवीला 143. ही बेरीज पाचवीतल्या मुलालाही जमते, पण दिवाळीच्या आदल्या बैठकीत घाईने ‘सारखं वाटून टाका’ म्हणतात.

दिवाळीत गट ‘फोडून’ सगळी बचत वाटून घेण्याची पद्धत तर पुरती मोडायला हवी. लाभांश वाटा, मुद्दल राहू द्या. पाच वर्षांत 12 जणींची नुसती बचत 1,44,000 होते. एवढा फिरता पैसा असला की शस्त्रक्रियेसाठी 30,000 एका दिवसात उभे राहतात. दरवर्षी शून्यावर येणारा गट फेब्रुवारीत कुणाला 3,000 देखील देऊ शकत नाही.

बँकेचं खातं काढणं पूर्वीइतकं जिकिरीचं नाही. गटाचा ठराव, शिक्का, फोटो आणि पदाधिकाऱ्यांची कागदपत्रं लागतात. खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) मागायची गरज रिझर्व्ह बँकेने ठेवलेली नाही. काउंटरवर तरी मागतात. तिथे शांतपणे नियम सांगावा. तिघींपैकी दोघींच्या सह्यांनी पैसे निघतील असं लिहून द्यावं आणि कोऱ्या स्लिपवर सही करून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून मोडावी. गटाला सहा महिने झाले, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री पाळली गेली की प्रतवारी होते, म्हणजे गटाचा कारभार तपासून गुण दिले जातात, आणि बँक कर्ज देते. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने गटांना बँकेशी जोडायला 1992 मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्रात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) 1975 पासून आहे, उमेद हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान नंतर आलं. माविमची सहयोगिनी किंवा उमेदची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती, वही लिहायला शिकवते. ती स्वतःच वही लिहीत असेल तर मात्र गट कच्चा समजावा.

बँकेचं कर्ज आलं की सापळाही येतो. 3 लाख मंजूर झाले, 12 जणी, प्रत्येकीला 25,000, असं सरळ वाटप होतं. गरज चौघींनाच असते. बाकीच्या आपल्या नावावर उचलून कुणाला तरी देतात: जावेला, दिराला, कधी गटाच्या अध्यक्षबाईला. हप्ता थकला की कर्ज जिच्या नावावर तीच अडकते, आणि पुढे तिला स्वतःसाठी कर्ज हवं असेल तेव्हा तिच्या नावापुढचा डाग दिसतो. गरज मागणीपत्रावर लिहून घ्यावी, किराणा दुकानाचा माल की शेळ्या की शिलाई मशीन, आणि तेवढंच कर्ज उचलावं. बँक जास्त देते म्हणून जास्त घेणं ही गटाची पत नाही.

गटाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट गल्लीत फिरते. मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस दहा बायका गोळा करतो, आठवड्याचा हप्ता ठरवतो आणि बायका म्हणतात, ‘आम्ही पण गटात आहोत.’ हा बचत गट नव्हे, कर्ज गट. ओळखायची खूण सोपी: बचत नसते, गटाच्या नावाचं खातं नसतं, वही कंपनीच्या माणसाकडे असते आणि व्याज गावाबाहेर जातं. 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जासाठी तारण घेता येत नाही आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून वर जाता कामा नयेत. एकाच घरात तीन कंपन्यांचे हप्ते असले की हा निम्म्याचा हिशोब कधीच मोडलेला असतो. तिथे गटातून कर्ज घेऊन कंपनीचा हप्ता भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

गटाला जे जमत नाही तेही बघायला हवं. गटातल्या पैशाला विमा नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे; गटातल्या उधारीला फक्त शेजाऱ्यांचा धाक. म्हणून मुलीचं शिक्षण, म्हातारपण, घराचं छप्पर यांसाठीचा पैसा गटात ठेवू नये. तो पोस्टात जावा. आरडी 100 रुपयांपासून उघडते. 200 रुपये पाच वर्षं भरले तर 12,000 चे साधारण 14,273 होतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, लागोपाठ चार चुकले तर खातं बंद पडतं आणि पुढच्या दोन महिन्यांत भरून सुरू करावं लागतं. खातं महिन्याच्या 15 तारखेच्या आत उघडलं असेल तर हप्ताही दरमहा 15 च्या आतच. नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत मुभा मिळते. हातावर पोट असलेल्यांनी म्हणून 16 नंतरच उघडावं. मुलगी 10 वर्षांखालची असेल तर सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना, सध्या 8.2 टक्के, वर्षाला किमान 250 रुपये.

महिन्याच्या पैशाची वाटणी कशी करावी, याचं एक चालणारं माप असं: घरात हातखर्चातून 1,000 रुपये सुटत असतील तर 200 गटाला, 10 सामाजिक निधीला, 300 आरडीला, 250 सुकन्या किंवा पीपीएफसाठी (सरकारी भविष्य निर्वाह निधी) बाजूला. उरलेले 240 बचत खात्यावर, जे फक्त औषध आणि गॅस सिलिंडरसाठी काढायचे. लाडकी बहीणच्या 1,500 वर गटाचा हप्ता बांधू नये. ते पैसे कोणत्या तारखेला येतील याचा भरवसा नाही, गटाची बैठक मात्र ठरल्या दिवशीच होते. उशिराचा दंड 10 रुपये असला तरी दर बैठकीला मागे राहणारी बाई चौथ्या वेळी कर्ज मागायला लाजते, आणि तिलाच ते हवं असतं.

भिशीशी तुलना हमखास होते. साध्या भिशीत व्याज नाही, नफा नाही. ज्यांना फ्रिज किंवा गणपतीचा खर्च एकरकमी हवा त्यांना ती ठीक. पण आजार भिशीच्या चिठ्ठीची वाट बघत नाही. आणि लिलाव भिशी, जिथे गरजू बाई कमी रकमेवर बोली लावून उचलते, ती नोंदणीशिवाय चालवणं 1982 च्या चिट फंड कायद्यात बसत नाही.

शेवटी गटातून बाहेर पडण्याचा नियम. लग्न होऊन गेली, मुलाकडे शहरात गेली, मरण पावली, तेव्हा काय? बरेच गट ‘बघू तेव्हा’ म्हणतात. पहिल्याच ठरावात लिहून घ्यावं: बचत अधिक त्या दिवसापर्यंतचा लाभांश, वजा बाकी कर्ज, 30 दिवसांत रोख किंवा खात्यावर. सभासद पासबुकाच्या पहिल्या पानावर वारसाच्या नावाची ओळ असते. गट बघायला गेलात तर कुणाचंही पासबुक उघडा आणि ती ओळ कोरी आहे का बघा.