केळीच्या रायपनिंग चेंबरला लेझरचा इथिलीन मीटर: घ्यावा का?

सावद्याला आमचे केळी पिकवायचे चेंबर आहेत. केळी पिकवायला चेंबरमध्ये इथिलीन गॅस सोडतात; तो किती आहे हे मोजणारा, लेझरवर चालणारा मीटर या सीझनला भाड्याने लावला. रावेर-फैजपूरकडचे बरेच चेंबरवाले विचारतात, म्हणून लिहितोय.

जुन्या मीटरमध्ये रसायनाची सेल असते. माल जास्त पिकून आंबूस वास सुटला की ती अल्कोहोलच्या वाफेलाही इथिलीन समजते आणि आकडा फुगतो. लेझरमध्ये हा घोळ दिसला नाही. इथिलीन साधारण १०.५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश जोरात शोषतं. या मीटरमधला लेझर, ज्याला क्वांटम कॅस्केड लेझर म्हणतात, नेमका त्याच तरंगलांबीवर जुळवलेला असतो. या प्रकारचा लेझर १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पहिल्यांदा चालला. पंप चेंबरमधली हवा ओढतो, किरण आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो आणि जेवढा प्रकाश कमी होतो त्यावरून गॅस किती ते निघतं.

पहिला फायदा दाराने दाखवला. संध्याकाळी १०० पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) डोझ दिला (एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादाही तेवढीच), तर रात्रभर आकडा उतरतच राहिला. अगरबत्ती घेऊन दाराभोवती फिरलो, तेव्हा खालच्या कोपऱ्यात धूर वाकडा झाला. तिथलं रबर कडक पडलं होतं. ते बदललं आणि आकडा टिकला.

पण मला खरी किंमत वाटते ती डोझनंतरच्या वेळेची. चोवीस तासांनी चेंबरची हवा बदलून दार लावलं की आकडा शून्याजवळ येतो. मग सिलिंडर बंद असतानाही तो दशांशा-दशांशाने चढायला लागतो. तो गॅस केळी स्वतः सोडते. जुन्या मीटरला एवढं बारीक दिसतच नाही. कोवळा-जून मिसळलेला एक माल आला होता, त्यात आकडा हलेचना. साल अजून हिरवीगार होती, तरी माल लागला नाही, म्हणजे पिकायला सुरुवातच झाली नाही, हे तेव्हाच कळलं आणि आम्ही दुसरा डोझ दिला. रंगाची वाट बघत बसलो असतो तर बाजाराची वेळ गेली असती.

आता त्रास. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये लेझरचं कूलिंग पुरेना, मशीन आपोआप बंद पडायचं. ऑफिसात एसीखाली हलवलं आणि चेंबरपासून लांब नळी टाकली, तेव्हा सुरळीत झालं. नळीचा फिल्टर धुळीने भरला की आकडा उशिरा बदलतो. सर्व्हिसवाला बोलावल्यावर लवकर येत नाही, हे मात्र फार खटकलं.

चेंबरमध्ये साचणारा कार्बन डायऑक्साइड मोजायला लेझर घेऊ नका. तो १ टक्क्याखाली आहे की नाही हे साधा दिव्याचा इन्फ्रारेड सेन्सरही चोख सांगतो.

एक-दोन चेंबर असतील तर विकत घेणं परवडणार नाही. चार-पाच चेंबर शेजारी असतील तर एकाच मशीनला व्हॉल्व्ह लावून सगळ्यांच्या नळ्या जोडा. भाड्याने घेताना फिल्टर आणि कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवणं) भाड्यातच धरलंय ना, हे कागदावर लिहून घ्या.